बियरचे पेले घेऊन लोणावळ्याला

मंडळी, हे लिहायला फार उशीर झाला. राग मानू नका. परत आल्यावर लगेच सगळा प्रवास लिहून आपल्या काचवाल्यांच्या हस्तलिखित अंकाला देतो, असं मी कबूल केलं होतं. पण आधी खोकला झाला, मग चष्म्याची दांडी मोडली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. कंदिलाच्या चिमण्या विकणारा म्हातारा बियरच्या पेल्यांवर लिहायला बसला, तर लोक काय म्हणतील? पण नाशिकच्या आणि साताऱ्याच्या मंडळींनी दोनदा विचारलं. साहेबलोकांना पेले पुरवायचे तर कोणत्या बियरला कोणता, आणि मावळात त्यासाठी जायचं कसं, हे त्यांना हवं आहे. माझी शाळा मराठी तिसरीपर्यंतची. चुकलं तर सांभाळून घ्या.

जायचं ठरलं ते माझ्या मुलीमुळे. यमुना लोणावळ्याला असते. तिचा नवरा सदाशिव तिथे स्टेशनच्या वरच्या अंगाला एका मडमेच्या बोर्डिंगात कामाला आहे. आधी तो भांडी उचलायचा, आता कोठीची चावी त्याच्याकडे असते. पावसाळ्यात तिथलं पेल्यांचं कपाट वाळवीनं पोखरून खाली आलं आणि होते नव्हते ते पेले फुटले. मडमेनं सदाशिवला सांगितलं, नवे पेले तू निवड. नाताळात मुंबईचे साहेब येतात, त्यांना आवडले तर तुला कायम करते आणि राहतोस ती आवारातली खोली तुझीच. नाही जमलं तर दुसरा बटलर आणते.

यमुनेनं एवढंच कळवलं, "आबा, तुम्हाला काच कळते, तुम्ही या." मी घाबरलो. काच कळते हे खरं, पण बियर मी जन्मात पाहिली नव्हती. माझं पोट तर चहासुद्धा दोनदा सोसत नाही. पण नाही कसं म्हणायचं? खोली गेली तर दोघांना परंदवडीला सदाशिवच्या थोरल्या भावाच्या घरी परत जावं लागणार. तिथे यमुनेनं जावेच्या हाताखाली चार वर्षं काढली आहेत. त्याबद्दल ती कधी बोलत नाही, यावरून काय ते समजा.

दुकानात जपानी सरबताचे शेवटचे अर्धा डझन पेले पडून होते. पोट फुगीर, तोंड किंचित आवळलेलं. ते पेंढ्यात गुंडाळून टोपलीत ठेवले. ओव्याची पुडी, कानटोपी, पाण्याचा तांब्या आणि छत्री घेतली. मार्गशीर्षात छत्री कशाला, असं मुलगा म्हणाला. म्हटलं, मावळ आहे, सांगता येत नाही.

पुण्याहून सकाळची गाडी पकडली. तिसऱ्या वर्गाचं लोणावळ्याचं तिकीट रुपयाच्या आत येतं, पण वाटेत तळेगावला उतरायचं असेल तर तिकीट वेगवेगळं काढा, नाहीतर तिकीटबाबूशी वाद होतो. माझा झाला. गाडी आता विजेवर चालते, त्यामुळे डोळ्यांत कोळसा जात नाही, एवढी एक काळजी कमी. टोपली मांडीवर घेऊन बसलो. समोर एक मावशी होती. तिनं बराच वेळ टोपलीकडे पाहिलं.

"आबा, अंडी हाईत व्हय?"

"नाही, काच आहे."

"मग आसं काय बसलाय, उबवल्यावानी?"

डबा हसला. मीही हसलो, पण टोपली खाली ठेवली नाही.

तळेगावला काचकारखाना आहे, तो बहुतेकांना माहीत असेल. स्टेशनापासून चालत जाता येतं. जाणाऱ्यांनी दुपारच्या आत जावं, भट्टीजवळ उन्हाचं उभं राहवत नाही. फुंकणीच्या टोकाला लाल गोळा घेऊन माणूस फुंकतो आणि साच्यात धरतो, की पेला तयार. पण तो लगेच बाहेर काढला तर तडकतो. हळूहळू निववावा लागतो. माझं आयुष्य काच विकण्यात गेलं, तरी ते पाहताना प्रत्येक वेळी वाटतं की आता हा फुटणार.

विक्रीवर एक गृहस्थ होते, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी म्हटलं, "बियरचे पेले दाखवा."

"कोणत्या बियरचे?"

"बियर म्हणजे बियर, मास्तर. तिच्यात काय जाती आहेत?"

"अहो, ताकाचा पेला वेगळा आणि दुधाचा वेगळा असतो ना? तसंच असणार. मला तरी काय माहीत? मी सोवळ्यातला माणूस."

म्हणजे दोघेही सारखेच शहाणे. शेवटी तयार होतं त्यातून थोडं थोडं घेतलं. काही उंच, सरळ, चिंचोळे पेले, काही जाड बुडाचे आखूड आणि दोन-चार पसरट तोंडाचे. काच पाहून घेतली. बोटानं टिचकी मारली, उजेडात धरून बुडबुडे पाहिले. माल स्वच्छ होता, हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात काचेचा दोष नव्हता.

दुपारच्या गाडीला तळेगावच्या फलाटावर सदाशिवचा थोरला भाऊ रामभाऊ भेटला. कामशेतला भाताचा भाव विचारायला निघाला होता. माणूस वाईट नाही, पण बोलणं खरबरीत.

"पाव्हणं, तुमी हितं कुटं?"

मी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण मला पोटात ठेवता येत नाही.

"आन् त्या गोऱ्यास्नी प्यायला द्यायची म्हंजी नोकरी व्हय?" रामभाऊ म्हणाला. "घरात चार बिघं भात पडलंय झोडायचं. हात न्हाईत. माझी मंडळी रोज म्हणती, यमुनेला बोलवा."

"ती सुखात आहे तिकडे."

"सुखात आसंल. आमी न्हाई म्हनतो का? पर माळ्याखालची जागा रिकामी ठिवलीया म्या त्येंच्यासाठी. न्हाईतर शेळ्या बांदीन तितं. कायतरी येक सांगा म्हनावं सदाला."

कामशेत आलं तसा तो उतरला आणि खिडकीशी येऊन टोपलीवर हात ठेवून म्हणाला, "जपून जा. फुटंल-बिटंल." मी पुढच्या स्टेशनापर्यंत टोपली चाचपत होतो.

लोणावळ्याला थंडी चांगलीच होती. फलाटावर गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकणारे लगेच गराडा घालतात. घ्यायची तर बाजारात जाऊन घ्यावी, तिथे ताजी मिळते. बोर्डिंग चढावर आहे. हमाल केला नाही, टोपली कुणाच्या डोक्यावर देणं मला जमलं नसतं. वाटेत तीनदा बसलो. सदाशिव घ्यायला आला होता, तोही फारसं बोलत नाही, त्यामुळे चढ लांब वाटला.

"मामा, मडम म्हणते तिन्ही बियर वेगवेगळ्या पेल्यांत हव्यात," एवढंच तो बोलला. "फिकट, तांबूस आणि काळी. उद्या जेवणाच्या वेळेला बघणार आहे."

म्हणजे तळेगावच्या मास्तरांचं ताक-दुधाचं खरंच होतं.

खोली लहान, पण यमुनेनं शेणानं सारवून लख्ख ठेवली होती. पिठलं-भाकरी आणि गरम भात खाल्ला. मग टोपली सोडली. एकही पेला फुटला नव्हता. यमुनेनं सगळे चटईवर मांडले, लांबून पाहिले आणि म्हणाली, "आबा, नवी भांडी आहेत. अशीच रिकामी कशी द्यायची?"

आपल्याकडे नवं भांडं वापरायला काढताना आधी त्यात दूध ओततात, हे तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, अगदी बरोबर. शुभ काम आहे, यावरच तुमचं बस्तान बसायचं आहे. गवळ्याकडून म्हशीचं ताजं दूध आणलं. तिनं प्रत्येक पेल्याला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि एकाचं दूध दुसऱ्यात असं करत सगळे पेले दुधानं न्हाऊन काढले. दूध आम्ही चुलीवर आटवून प्यायलो. पेले थंड पाण्यानं विसळले आणि तिच्या जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यानं पुसले. इतके चकचकीत दिसत होते की मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला व्हरांड्यात मेज लावलं होतं. मडम साठीची असेल. नवरा रेल्वेत होता, तो वारला तेव्हापासून बोर्डिंग चालवते. तिच्या शेजारी एक म्हातारे ड्रायव्हरसाहेब होते. अँग्लो-इंडियन. सगळा जन्म घाटात इंजिनं चालवली, आणि आता त्याच बोर्डिंगात राहतात. बियरच्या बाबतीत मडम त्यांचा शब्द मानते. मला खुर्ची दिली, पण मी कडेलाच बसलो.

सदाशिवनं आतल्या खोलीत बाटल्या उघडून बाहेर आणल्या आणि पेल्यांत ओतल्या. जरासा फेस आला आणि पाहता पाहता बसला. उंच पेल्यात तेच, फुगीर पेल्यात तेच. काळ्या बियरवर तर पावसाच्या डबक्यावर असतात तेवढे चार बुडबुडे.

ड्रायव्हरसाहेबांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"अरे बाबा, इसका टोपी किधर गया? साहब लोग टोपी निकालके बैठता है, बियर टोपी पहनके. ये तो मर गया."

मडम सदाशिवकडे वळली. "बाटली कब खोला?"

"अभी, मॅडम."

"अंदर खोला. मेरे सामने नहीं खोला." तिनं पेला हातानं दूर सारला. "पानी डाला? आधा बेचा?"

सदाशिवचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मडमेनं हात पुढे केला. त्यानं करदोट्याची कोठीची चावी सोडली आणि तिच्या हातात दिली. पेल्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ये कचरा ले जाओ." मी टोपली भरली. एकही फोडला नाही.

खोलीत तिघं बसलो. यमुना म्हणाली, "बाटल्यांवर बूच होतं ना?"

"होतं. माझ्या हातानं काढलं. चांगलं फुस्स झालं." सदाशिव म्हणाला. मग, "भाऊ म्हणालाच होता, गोऱ्यांची नोकरी टिकायची नाही."

हे ऐकून मला बसवेना. मन घाबरलं की मी हाताला काम देतो. दुकानात असलो तर चिमण्या पुसतो. टोपलीतून एक पेला काढला आणि सवयीनं त्यावर तोंडाची वाफ सोडली. चिमणी अशीच पुसतात, हे आपल्या मंडळींना ठाऊक आहे. आणि हेही ठाऊक आहे की काच निर्मळ असली तर वाफ सगळीकडे सारखी धरते. कुणाचं तुपाचं बोट लागलेलं असलं तर तेवढ्या जागी धरत नाही, ठिपके ठिपके उमटतात. त्या पेल्यावर सगळीकडे ठिपके होते. दुसरा काढला, तसाच. सगळे तसेच.

"यमू," मी म्हटलं, "ह्याला ओशट लागलंय. दूध गेलं नाही."

तिनं माझ्या हातातून पेला घेऊन उजेडात धरला. "म्हशीचं होतं," ती म्हणाली. "साय जाड येते."

काचेला लागलेली साय फेस धरू देत नाही, हे मला तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. नुसता संशय आला. सदाशिवनं मात्र लगेच मान हलवली. ताटं पुसायचं तुपकट फडकं चुकून पेल्याला लागलं तर साहेब ओरडतात, हे त्यानं पूर्वी पाहिलं होतं, पण कारण कुणी सांगितलं नव्हतं. यमुना उठली. चुलीतली राख चाळली, कढत पाणी ठेवलं. मी सगळे पेले राखेनं आतून घासायला घेतले.

"सगळे नको," ती म्हणाली. "एक तसाच ठेवा, आबा. नाहीतर म्हणतील आज बाटली बदलली."

मला हे सुचलं नसतं. एक फुगीर पेला तसाच ठेवला. बाकीचे राखेनं घासले, कढत पाण्यानं दोनदा धुतले, आणि पुसले नाहीत. उलटे करून जाळीवर निथळत ठेवले. वाफ सोडून पाहिली. सारखी धरली.

पुढच्या दिवशी मडमेला भेटायला गेलो. ती आणखी बाटली फोडायला तयार होईना. "बहुत हो गया," म्हणाली. तेव्हा ड्रायव्हरसाहेब आपल्या खोलीतून एक काळ्या बियरची बाटली घेऊन आले आणि मेजावर ठेवली. "मेरा बाटली है. सबके सामने खोलो. मरेगा तो मेरा मरेगा."

सदाशिवनं मेजापाशीच बूच काढलं. एकाच बाटलीतून दोन पेल्यांत ओतलं, आधी न धुतलेल्यात, मग राखेनं धुतलेल्यात. पहिल्यात फेस आला आणि गेला. दुसऱ्यात तो वर चढला आणि तसाच राहिला, दाट, बदामी रंगाचा. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.

मडमेनं न धुतलेला पेला उचलून नाकाशी धरला. "इसमें क्या डाला था?"

बायकोनं दारूच्या पेल्यांना हळदकुंकू लावलं, हे सदाशिवला सांगवेना. मग मीच माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "दूध. सबमें डाला था, ये एक धोया नहीं. नया बर्तन है. हमारे में खाली नहीं देते. तुम्हारा धंदा चलने के वास्ते."

"मेरा धंदा के वास्ते?"

"हाँ. और इसका नौकरी के वास्ते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सदाशिवकडे. हसली असं म्हणवत नाही, पण कपाळावरची आठी गेली. पदराला टाचून ठेवलेली चावी काढून तिनं मेजावर ठेवली. हो, ती साडी नेसते, अंगावर स्वेटर घालून. "दूध बिल्ली को देना," ती म्हणाली, "ग्लास को नहीं. और बाटली हमेशा मेज के पास खोलना."

सदाशिवनं चावी उचलली आणि पुन्हा करदोट्याला बांधली.

आता ज्यासाठी तुम्ही हे वाचता आहात ते. त्या दुपारी ड्रायव्हरसाहेबांनी मला बसवून घेतलं आणि कोणती बियर कशात, हे करून दाखवलं. माझं काही चुकत असेल तर जाणत्यांनी दुरुस्त करावं.

फिकट पिवळी बियर उंच, चिंचोळ्या पेल्यात. तिच्यातले बारीक बुडबुडे खालून वर चढताना दिसले पाहिजेत. ती गारच प्यायची असते, म्हणून पेला पातळ काचेचा आणि हातात मावेल एवढाच. तीच त्यांनी माझ्या पसरट पेल्यात ओतून दाखवली. फेस पसरला आणि विरला, रंगही पाण्यासारखा दिसू लागला. ते म्हणाले, "ये तो हाथ धोने का बर्तन है." पसरट पेल्यांचा नाद मी सोडला, तुम्हीही सोडा.

तांबूस बियर दांडीच्या जाड पेल्यात. साहेबलोक ती गप्पा मारत तासभर पितात. दांडी असली की हाताची ऊब काचेला लागत नाही. त्यांचा स्वतःचा जुना मग काढून त्यांनी दाखवला, इतका जड की मला दोन्ही हातांनी धरावा लागला. माझे जाड बुडाचे आखूड पेले त्याला चालले असते, पण दांडी नसल्यामुळे मडमेनं नाक मुरडलं.

काळी बियर फुगीर पोटाच्या, तोंड आवळलेल्या पेल्यात. तिचा वास भाजलेल्या धान्यासारखा असतो आणि तो आवळलेल्या तोंडाशी साठतो. फेसही तिथे दाटून राहतो. लोणावळ्याच्या थंडीत ही बाटली बर्फात ठेवू नये, असंही ते म्हणाले. माझे जपानी सरबताचे पेले या कामाला अगदी बरोबर निघाले. मला वाटलं नव्हतं. ते मी दुकानातलं ओझं कमी करावं म्हणून आणले होते.

ओतताना पेला तिरपा धरायचा आणि शेवटी सरळ करायचा. कोणताही पेला काठापर्यंत भरायचा नाही, टोपीला जागा ठेवायची. आणि धुण्याचं मी वर लिहिलंच आहे. साबण वापरला तर इतकं धुवा की त्याचा वासही राहू नये. फडक्यानं आतून पुसू नका.

"पीके देखो, बाबा," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. मी बोट बुडवून जिभेला लावलं. कडू. मेथी भिजवलेल्या पाण्यासारखं. लगेच ओवा चावला.

"इतना डरता काय को? मैं चालीस साल घाट में ब्रेक पकडके बैठा, तुम्हारे जितना नहीं डरा."

"तुम्हाला ब्रेक तरी होता, साहेब," मी मराठीतच म्हटलं. सदाशिवनं ते त्यांना सांगितलं आणि ते मेजावर हात आपटून हसले. सदाशिवला मी प्रथमच हसताना पाहिलं.

मडमेचं म्हणणं शेवटी असं पडलं. नाताळ या नमुन्यांवर निभावून नेऊ. पण उन्हाळ्यात मुंबईकर येण्याआधी तिन्ही आकारांचे पेले पुरते आले पाहिजेत, दांडीचे आणि फुगीर पोटाचेसुद्धा. ते आले तर सदाशिव कायम आणि खोली त्याची. नाही आले तर मुंबईहून पेले आणि बटलर दोन्ही येतील. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिलाही बोर्डिंग चालवायचं आहे.

परतताना कामशेतला उतरलो. तिथला आंबेमोहोर चांगला, घरी न्यायचा असेल तर सकाळी जाऊन वास घेऊन घ्यावा, पोत्याच्या तळातली मूठ काढून बघावी. रामभाऊ बाजारातच होता. भाताचा सौदा ठरला होता, म्हणून चहा त्यानं पाजला.

"काय ठरलं?"

"अजून पुरतं ठरलं नाही. पण चावी त्याच्याकडं आहे."

"म्हंजी यायचं न्हाईत."

"तसंही नाही."

"मग शेळ्यास्नी काय सांगू?" तो म्हणाला. थोडा वेळ चहा ढवळत बसला आणि मग नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, "चैत्रापत्तर ठिवतो जागा. त्याच्या म्होरं न्हाई जमायचं."

मग तळेगाव. मास्तरांना सगळं सांगितलं. राखेची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "आमच्याकडे सोड्यानं धुतात, तसंच." उंच चिंचोळे पेले तयार आहेत, हवे तेवढे मिळतील. पण फुगीर पोटाच्या पेल्याला साचा नवा काढावा लागेल, आणि दांडीला वेगळा कारागीर बसवावा लागेल. एका बोर्डिंगच्या गरजेसाठी साचा काढत नाहीत, आणि ते रास्तच आहे. दोन-तीन ठिकाणची मागणी एकत्र आली तर काढू, म्हणाले. जपानी माल आता दुकानात नाही आणि पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. मुलगा विचारतो, एवढं जाऊन काय मिळवलंत? हिशेबात काही दाखवता येत नाही. चिमण्या रोज कमी खपतात, विजेचे दिवे वाढतात, ते मला दिसतं. बियरचे पेले विकणं बरं की वाईट, याचा मी रोज विचार करतो आणि रोज वेगळं उत्तर येतं. पण माझ्या वाफेनं त्या पेल्यांवर उमटलेले ठिपके पाहिले, तेव्हा एवढं तरी कळलं की इतकी वर्षं चिमण्या पुसण्यात अगदीच वाया गेली नाहीत. त्यापेक्षा जास्त बोललो तर मलाच हसू येईल.

एक राहिलं. निघायच्या दिवशी सकाळी यमुना खोलीच्या मागे कुडापाशी वाकून काहीतरी करत होती. जाऊन पाहिलं तर घेवडा लावत होती. उशिरा लावलास, म्हटलं. ती म्हणाली, "ह्या वर्षी शेंगा नाही आल्या तरी चालेल आबा, वेल जगला पाहिजे." परंदवडीला चार वर्षांत तिनं स्वतःचं म्हणून एक बी टोचलं नव्हतं.

म्हणून नाशिकच्या, साताऱ्याच्या आणि वाईच्या मंडळींना विनंती. तुमच्याकडे छावण्या आहेत, क्लब आहेत, डाकबंगले आहेत. फुगीर पोटाचे आणि दांडीचे पेले तुम्हाला किती लागतील ते विचारून घ्या. थोडेच लागत असतील तरी सांगा, लाजू नका. नको असतील तर नको म्हणून सांगा, म्हणजे मी दुसरीकडे धावपळ करीन. चैत्र जवळ येतो आहे आणि साचा घडायला वेळ लागतो. मी तर रोज टपालवाल्याच्या वेळेला दारात येऊन बसतो. दोन ओळींचं कार्ड पुरे. पण आजच टाका.